हलतं ते आधी बघ

पन्नास-साठ हजारांचा हेडफोन हातात आला की तो लगेच कानाला लावू नकोस. एकदा आवाज आवडला की त्याची बिजागरी, पिन, रेक्झिन, काहीही दिसेनासं होतं. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तुला काय हवंय हे विचारायच्या आधी तो गाणं लावतो. त्याला म्हण, थांबा जरा. हेडफोन हातात घे, उलटापालटा कर आणि जे जे हलतं ते हलवून बघ. डबिंगच्या स्टुडिओत मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, हेडफोन वाजायचा बंद होत नाही, तो आधी मोडतो. पुढे सगळी नोकरीभर मी तेच पाहत आलो. ड्रायव्हर, म्हणजे कपातला आवाज काढणारा भाग, जळालेले हेडफोन क्वचित आले. काटा तुटलेले, केबल आतून तुटलेले, पॅडचे पोपडे निघालेले मात्र पोत्यानं आले.

काटा म्हणजे कपाला दोन्ही बाजूंनी धरणारा तो अर्धगोल भाग. पहिली नजर तिथे जाऊ दे. सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो, कारण हेडफोन काढताना आपण सगळे आळशासारखे एका हाताने एकच कप ओढतो. काटा कशाचा आहे ते विचार. ‘धातूचा आहे’ एवढ्यावर समाधान मानू नकोस, कोणता धातू ते विचार. जस्ताचं ओतीव काम हाताला जड आणि थंडगार लागतं, श्रीमंत वाटतं, पण पडलं की वाकत नाही, तडकतं. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा काटा हलका असतो आणि बहुधा जास्त टिकतो. काचतंतू मिसळलेलं चांगलं नायलॉनही कमी नसतं. प्लास्टिक दिसलं की नाक मुरडायची तुझ्या वयाच्या सगळ्यांना खोड आहे. सोनीचा एमडीआर-7506 1991 पासून जगभरच्या स्टुडिओत आहे, त्याचे कप प्लास्टिकचेच आहेत. कपाजवळ त्याच्या वायरी उघड्या लोंबतात, दिसायला अगदी गरीब. आणि तरी वर्षानुवर्षं मार खाऊन तो चालू राहतो.

आता हेडबँडचा स्लायडर. तो टप्प्याटप्प्याने ‘टक् टक्’ करत सरकला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारखाच जोर लागला पाहिजे. एक बाजू लोण्यासारखी आणि दुसरी अडकत असेल तर समज की जुळणी घाईत झाली आहे. पट्टा दोन्ही हातांनी धरून हलकासा पिळ. पट्टा मोडायचा नाही, एवढासाच पीळ द्यायचा, आणि कानाजवळ धरून ऐक. करकर आली तर ती घरीही येणार, आणि बंद कपात ती करकर थेट कानात वाजते. शांत आलापात मध्येच कुरकुर ऐकू आली की पन्नास हजार डोळ्यांसमोर नाचायला लागतात.

घडी होणाऱ्या हेडफोनची बिजागरी हे आणखी एक हलतं हाड. सोनीने 2022 मध्ये आपल्या एक्सएम5 मधून घडीच काढून टाकली आणि 2025 च्या एक्सएम6 मध्ये ती धातूच्या बिजागरीसह परत आणली. प्रवासात घडी हवीच असते, हे मान्य. पण तू घरात बसून ऐकणार असशील तर घडी नसलेला घे. जो सांधा नाही तो मोडत नाही.

मग स्क्रू शोध. मी हेडफोन बघताना सोबत बारीक स्क्रूड्रायव्हर ठेवायचो. दुकानात कोणी उघडू देत नाही, ते ठीक, पण उघडता येईल का हे तर दिसतं. स्क्रू दिसले की मला बरं वाटतं. सगळं डिंकाने चिकटवलेलं आणि कुठेच फट नाही असं काम दिसायला सुरेख असतं, पण ते एकदाच वापरायचं काम. सेनहायझरचा एचडी 25 बघ. 1988 चा आहे, दिसायला खेळण्यासारखा, पण त्याचा एकेक भाग सुटा होतो आणि सुटा मिळतो. जर्मनीतल्या हाइलब्रॉनच्या बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो तसाच: पोलादी पट्टा, बदलता येणारे पॅड, बदलता येणारी डोक्यावरची गादी. हे दोन्ही तुझ्या बजेटच्या कितीतरी खालचे आहेत, तरी मी मुद्दाम सांगतोय. महागड्या हेडफोनला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की स्वस्तातला डीटी 770 जे देतो तेवढं तरी तू देतोस का? रोमानियातल्या बाया मारे शहरातल्या मेझे कंपनीने 99 क्लासिक्स काढला तेव्हा अक्रोडाच्या लाकडाची जाहिरात केलीच, पण त्याहून मला पटलं ते हे, की तो पूर्ण सुटा करता येतो. महाग वस्तूकडून माझी एवढी अपेक्षा रास्त आहे.

याउलट एका नामांकित कंपनीचा हेडफोन माझ्या हाताखालच्या मुलाने हौसेने घेतला होता. नाव सांगत नाही. वॉरंटी संपल्यावर काटा तुटला. काटा सुटा मिळत नाही, पूर्ण कप घ्या, असं उत्तर आलं. कपाची किंमत ऐकून त्याने दोऱ्याने बांधून वर्षभर वापरला. म्हणून विकत घेण्याआधी दुकानदाराला विचार: पॅड सुटे मिळतात का, केबल मिळते का, काटा मिळतो का, आणि प्रत्येकाला किती पडतात? ‘मागवून देऊ’ हे उत्तर नव्हे. किंमत सांगता आली तरच ते उत्तर.

पॅडबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मुंबईत आणि कोकणात हाच खरा खर्च आहे. बहुतेक पॅडवरचं कातडं म्हणजे रेक्झिन, म्हणजे पॉलीयुरेथेन. ‘प्रोटीन लेदर’ असं भारी नाव दिलं तरी मूळ तेच. दमट हवेत पॉलीयुरेथेन हळूहळू आतून तुटत जातं. पाण्याची वाफच ते तोडते. मग एके दिवशी गालावर काळे कण दिसतात आणि आई विचारते, हे काय लावलंस? पुण्यात जे पॅड चार वर्षं चालतात ते दादरला लवकर जातात. खऱ्या मेंढीच्या कातड्याचे पॅड जास्त टिकतात, पण घाम आणि तेल त्यांनाही आवडत नाही. मखमली पॅड, म्हणजे व्हेलूर, उन्हाळ्यात सुखाचे. मात्र त्यांतून आवाज थोडा गळतो, खर्ज किंचित कमी होतो आणि बाहेरचं जास्त ऐकू येतं. क्लोज्ड-बॅक, म्हणजे बंद पाठीचा हेडफोन घेऊन त्यावर हवे ते मखमली पॅड चढवणं म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवणं.

आणि पॅड बदलला की आवाज बदलतो, हे लक्षात ठेव. पॅडची जाडी बदलली की ड्रायव्हर कानापासून जवळ-लांब होतो, कातड्यातली भोकं बदलली की खर्ज बदलतो. ऑनलाइन चारशे रुपयांत मिळणारे पॅड बसतात, वाजतातही, पण तो मग तू घेतलेला हेडफोन राहत नाही. म्हणून किमतीत मूळ पॅडच्या दोन जोड्या धरूनच हिशेब कर. पॅड कसा बसतो तेही बघ. कडेची चुणी खाचेत खोचायची असेल तर उत्तम. फिरवून बसणारा असेल तरी चालेल. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्ससारखा चुंबकावर बसत असेल तर सोपंच. चिकटवलेला असेल तर मागे फिर. डोक्याला तेल लावलं असेल त्या दिवशी हेडफोन घालू नकोस. पावसाळ्यात तो डब्यात बंद करून ठेवू नकोस. ठेवलासच तर सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि त्या अधूनमधून बदल.

आता कानाला लाव.

बंद कपाचं सगळं गणित डोक्याला बसणाऱ्या त्या कडेवर असतं. पॅड आणि गाल यांच्यात फट राहिली की खर्ज निसटतो, मग ड्रायव्हर कितीही भारी असो. तुला चष्मा आहे. चष्म्याची काडी पॅड उचलते. केसांचा अंबाडा, वेणी, कानातले झुमके, सगळ्यांनी फट पडते. म्हणून दुकानात चष्मा घालूनच ऐक, रोज जसे केस बांधतेस तसेच बांधून जा. खर्ज असलेलं काहीतरी लाव, तबल्याचा डग्गा चालेल, आणि चालू असताना दोन्ही कप बोटांनी हळूच आत दाब. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर समज, एरवी फट राहतेय. तो हेडफोन तुझ्या डोक्याचा नाही. थोडा फरक पडतोच, पण चकित करण्याइतका पडता कामा नये. ही चाचणी कुठल्याही यंत्राशिवाय होते आणि मी पाहिलेल्या गिऱ्हाइकांपैकी क्वचितच कोणी करतं.

दाबताना ड्रायव्हरच्या पडद्याची बारीक ‘कड्कड्’ आली तर घाबरू नकोस. बंद कपात हवा अडकून पडदा दाबला गेला की काही मॉडेलमध्ये ती येते. गाणं चालू असताना आली तर मात्र तो दोष.

दोन मिनिटांत निर्णय नको. वीस मिनिटं घालून बस. पट्ट्याची पकड नवी असताना घट्ट असते, नंतर थोडी सैलावते. पण टाळूवर एकाच जागी टोचत असेल तर ते सैलावत नाही. वजनाच्या आकड्याला भुलू नकोस, दोन्ही बाजूंनी. ऑडेझीचा एलसीडी-एक्ससी 600 ग्रॅमच्या वर आहे, एअरपॉड्स मॅक्स सुमारे 385 ग्रॅम, एचडी 25 त्यांच्यापुढे पिसासारखा. जड म्हणजे भक्कम असं नाही. जड म्हणजे मानेला काम. पण रुंद पट्टीवर वजन पसरलं असेल तर चारशे ग्रॅमही चालतात, आणि अरुंद पट्टीवर तीनशेही सलतात. मान खाली घाल, वर कर, ‘नाही’ म्हणून हलव. एडिटिंग करताना तू सतत खाली बघणार आहेस.

आता आवाज. क्लोज्ड-बॅक बनवणं अवघड का, ते समजून घे, म्हणजे पैसे कशाचे मागतात ते कळेल. पडदा पुढे जितका आवाज ढकलतो तितकाच मागेही ढकलतो. उघड्या पाठीत मागचा आवाज बाहेर निघून जातो. बंद कपात तो भिंतीवर आपटून परत येतो आणि पडद्यातूनच पुढे येऊन मूळ आवाजात मिसळतो. मग गायक कोठीतल्या डब्यात तोंड घालून गातोय असं वाटतं. हे टाळण्यासाठी मोठमोठे डोकेबाज खपले आहेत. सेनहायझरने 2018 मध्ये एचडी 820 ला अंतर्वक्र काच लावली, मागे गेलेला आवाज काचेवरून वळून बाजूच्या शोषक कप्प्यांत जिरावा म्हणून. सॅन डिएगोच्या डॅन क्लार्क ऑडिओने 2021 च्या स्टेल्थमध्ये पडदा आणि कान यांच्यामध्ये लहान लहान पोकळ्यांची एक जाळी बसवली, ती नको त्या कंपनांना गिळते. डेनॉनने एएच-डी9200 ला जपानच्या कोची प्रांतातल्या बांबूचे कप केले. फोस्टेक्सच्या टीएच900 वर उरुशी लाखेचं काम आहे. फ्रान्सच्या फोकालने स्टेलियामध्ये बेरिलियमचा पडदा घातला.

यातली काच, जाळी आणि पडदा आवाजासाठी आहेत. लाख डोळ्यांसाठी आहे, आणि डोळ्यांसाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही, फक्त ते कशासाठी मोजतेस हे तुला ठाऊक असावं. लाकडी कप दाखवला तर काठ बघ. लाकडाच्या रेषा पुढच्या बाजूवरून काठावर वळून पुढे जातात का? जात असतील तर अख्खं लाकूड. काठावर रेषा एकदम तुटून दुसरंच काही सुरू झालं तर वरून चिकटवलेलं पातळ विनियर. ते वाईट नाही, पण मग अख्ख्या लाकडाचा भाव का द्यायचा?

डब्याचा आवाज ओळखायला संगीतापेक्षा माणसाचं बोलणं बरं. पुरुषाचं, जाड आवाजाचं. आकाशवाणीच्या बातम्यांचं रेकॉर्डिंग चालेल. छातीचा आवाज फुगून आला तर कप वाजतोय. मग तुझ्या ओळखीचं गाणं लाव, दुकानदाराचं नव्हे. किशोरीताई आमोणकरांचं एखादं रेकॉर्डिंग तू लहानपणापासून ऐकतेस, त्यातले तानपुरे कुठे बसतात हे तुझ्या कानाला पाठ आहे. तेच लाव, आणि आवाजाची पातळी प्रत्येक हेडफोनला सारखी ठेव. जो थोडा मोठा वाजतो तो चांगला वाटतो. विक्रीची ही सगळ्यात जुनी युक्ती.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे बघायला मोनो आवाज लाव. बोलणारा नाकासमोर बसला पाहिजे. एका बाजूला सरकला तर हेडफोन उलटा घाल. सरकणारी बाजूही उलटली तर दोष हेडफोनचा, नाही तर तुझ्या कानाचा किंवा कपाच्या बसण्याचा. मग फोनवरून 20 हर्ट्झपासून वर चढणारा सूर हलक्या आवाजात सोड. कुठे खुळखुळलं तर आधी पॅड काढून बघ, बरेचदा एखादा केस पडद्याला चिकटलेला असतो. केस नसेल आणि खुळखुळ असेल तर नमस्कार करून परत दे.

केबल सुटणारी असावी, हे सगळे सांगतात. मी म्हणेन, सुटणारी असावी आणि तिची पिन साधी असावी. कपात खोल खाच करून फक्त स्वतःचीच केबल बसेल अशी सोय काही कंपन्या करतात. ऑडिओ-टेक्निकाने 2014 च्या एम50एक्स मध्ये केबल सुटी केली ही चांगली गोष्ट. पण पिन 2.5 मिलिमीटरची, फिरवून अडकणारी. दादरच्या कुठल्याही दुकानातली केबल तिथे बसत नाही. गाणं चालू ठेवून पिन बोटाने हलव. खरखर आली तर नको. केबल कपात शिरते तिथे रबराची बाही आहे का ते बघ. तिथेच वायर तुटते. डीटी 770 प्रो ची केबल सुटत नाही, आणि मी तरीही त्याला नावं ठेवत नाही, कारण कोणीही सोल्डरिंगवाला ती बदलून देतो.

ओहमच्या भानगडीत फार पडू नकोस, पण एवढं कळू दे. डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओहममध्ये मिळतो. 250 चा जास्त भारी, असा समज आहे. तसं नाही. तेवढीच शक्ती पोचवायला 250 ओहमला 32 ओहमच्या सुमारे पावणेतीन पट व्होल्टेज लागतं, आणि ते तुझ्या लॅपटॉपकडे नसेल तर ॲम्प्लिफायर घ्यावा लागेल. तो खर्चही हेडफोनच्याच किमतीत धर. संवेदनशीलतेचे आकडे बघताना ते मिलीवॉटला आहेत की व्होल्टला, ते बघ. एक कंपनी एका मापात देते, दुसरी दुसऱ्या, आणि शेजारी ठेवून तुलना केली की फसायला होतं.

किमतीचं सांगायचं तर, येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने 283 हेडफोनची मोजमापं तपासून 2017 मध्ये एक शोधनिबंध लिहिला. किंमत आणि वारंवारितेचा प्रतिसाद, म्हणजे कुठला सूर किती मोठा वाजतो ते, यांचा संबंध त्याला सापडला नाही. याचा अर्थ महाग हेडफोन फसवणूक असतो असा नव्हे. त्याने बिजागऱ्या तपासल्या नव्हत्या, कातडं तपासलं नव्हतं. पण जास्तीचे पैसे जर नक्की चांगल्या सुरांची हमी देत नसतील, तर ते साहित्य, जुळणी, आराम, दुरुस्ती यांत कुठेतरी दिसले पाहिजेत. बोट ठेवून दाखवता आले पाहिजेत. मला स्वतःला पंचवीस हजारांपर्यंत प्रत्येक हजाराचा हिशेब लागतो. त्यापुढे तो पातळ होत जातो, आणि लाखाच्या वर तो हौसेचा. हौस वाईट नाही, तुझ्या आजोबांनी ग्रामोफोन हौसेनेच घेतला होता.

ब्लूटूथवाल्याला मात्र मी प्रीमियम म्हणायला कचरतो. बॅटरी म्हातारी होतेच. ती बदलून मिळते का, किती घेतात आणि भारतात होते का, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय साठ हजार देऊ नकोस. तारेचा चांगला हेडफोन वीस वर्षं चालतो, असे माझ्याकडे आहेत.

अमेरिकेतल्या तुझ्या दादाकडून मागवलास तर स्वस्त पडेल, खरं आहे. पण बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी देशापुरती असते. इथल्या अधिकृत विक्रेत्याचं पक्कं बिल घे आणि ते पेटीत ठेव. पेटीही टाकू नकोस, विकताना तिचे पैसे येतात. नावाजलेल्या मॉडेलची नक्कल निघते हेही विसरू नकोस. घरी आणलास की केबल काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेव आणि कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून बघ. वीस-तीस ग्रॅमचा फरक निघाला तर दुसऱ्या दिवशीच दुकानात जा.

आणि जुना घ्यायला लाजू नकोस. हौशी लोक दर वर्षी हेडफोन बदलतात. दोन वर्षं जुना, नीट ठेवलेला, निम्म्याच्या आसपास मिळतो. विकणाऱ्याकडून पॅड काढलेल्या ड्रायव्हरचा फोटो माग. तिथे धूळ, केस, घामाचे डाग सगळं दिसतं आणि हेडफोन किती वापरला ते कळतं. काट्याचा फोटो दोन्ही बाजूंनी माग, तडा बारीक असतो. मग नव्या मूळ पॅडची किंमत वजा करून भाव सांग. तो कुरकुरला तर कुरकुरू दे. पॅड त्याने वापरलेत.